चहा किती वाजता आणू?

मामू कुठल्याही नव्या खोलीत शिरले की पलंगाकडे पाहत नसत. आधी दार अर्धं लोटून त्याच्या मागे पाहत. तिथे केर साठलेला असला की म्हणत, "बाईसाब, ज्यानं दारामागं झाडलं नाय, त्यानं चादरपण बदलली नाय समजा." चादर उचलून बघावं, तर त्यांचंच खरं निघे.

रेवा, ओम, तुम्ही बेटावरच्या सुट्टीसाठी तीन हॉटेलांचे फोटो पाठवलेत आणि लिहिलंत, "आजी, तू फार व्यवस्थित आहेस, तूच ठरव." ही व्यवस्थितपणाची कीर्ती मला एकदा फार महागात पडली होती. म्हणून आधी मामूंबद्दल वाचा.

तुमचे आजोबा पैठणच्या धरणावर इंजिनिअर होते. क्वार्टर मिळेपर्यंत आम्ही तिथल्या सरकारी विश्रामगृहात तीन महिने राहिलो. मामू तिथले खानसामा, चौकीदार, सगळं काही. निजामाच्या काळात पोरवयात ते तिथे लागले आणि पोलीस ॲक्शननंतरही तिथेच राहिले. त्याबद्दल कुणी विचारलं की एवढंच सांगत, "हुकूमत बदलली. चादरी त्याच होत्या, धुवायचो मीच." बदललं ते पाहुण्यांचं रजिस्टर. ते उर्दूत होतं, ते मराठीत आलं. रजिस्टर वाचता येत नाही असा चौकीदार कसला, म्हणून मामू पंधरा दिवस शाळामास्तरांच्या ओट्यावर बसून बाराखडी शिकले. ही बाराखडी लक्षात ठेवा.

रोज संध्याकाळी कंदील पुसून झाले की ते प्रत्येक दारावर टकटक करत आणि विचारत, "चाय किती वाजता आणू?" कलेक्टर असो नाहीतर बदलीवर आलेला कारकून, प्रश्न एकच, आवाजही एकच. आणि सांगितलेल्या वेळेला दारात ट्रे, त्यावर भरतकामाचा रुमाल. आतून साहेब ओरडत, "आने दो!" मगच मामू आत पाऊल टाकत.

एकदा मी त्यांना विचारलं, "मामू, तुम्ही कधी कुठे पाहुणे म्हणून राहिलात?"

ते हसले. "जालन्याला बहिणीकडं जातो की. पण तिथं जाऊन पानी मीच भरतो." मग ट्रे पुसता पुसता म्हणाले, "एकदा वाटतं खरं, कोनीतरी आपल्याला विचारावं, चाय किती वाजता आणू म्हणून. काय सांगावं ते मी ठरवून ठेवलं नाय अजून."

ते निवृत्त झाले त्या हिवाळ्यात तुमच्या आजोबांनी जाहीर केलं, "मामू, तुम्हाला समुद्र दाखवतो. आमचे पाहुणे म्हणून चला." दीवचं बेट ठरलं. मामूंनी नवी शेरवानी शिवायला टाकली आणि शिंप्याला तीनदा सांगितलं की ती पाहुणा म्हणून घालायची आहे.

मुक्कामाची जागा ठरवणं माझ्याकडे आलं. मी चार ठिकाणी पत्रं धाडली आणि फुलस्केपवर रकाने आखले: समुद्र किती दूर, पाणी, जेवण, मच्छरदाणी. प्रत्येकाला दहापैकी गुण. शेवटी दोन जागा उरल्या. एक बंगला अगदी वाळूवर होता. दुसरं गावातल्या गल्लीत एका विधवा बाईंचं घर होतं, समुद्र दहा मिनिटं चालत.

पत्रं इंग्रजीत होती; मामूंनी ती दोन्ही माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. बंगल्याच्या पत्रात शेवटी एक ओळ होती: नोकरांची सोय मागे स्वतंत्र आहे. बाईंच्या पत्रात होतं: सगळ्या खोल्या एका ओळीत, एकाच गॅलरीवर आहेत.

"दुसरं घ्या," मामू म्हणाले.

"अहो, पण समुद्र लांब आहे तिथून!"

"समुद्र काय पळून जातो का, बाईसाब? आपण जाऊ की त्याच्याकडं."

 मी बेरीज केली. बंगल्याला तेहतीस गुण, बाईंच्या घराला अठ्ठावीस. बंगला घेतला.

दोन रात्री, तीन गाड्या आणि शेवटी खाडी ओलांडून आम्ही पोचलो. ऊन असं लख्ख की वाळूकडे बघवेना. बंगल्याच्या व्यवस्थापकाने रजिस्टर काढलं. मामू जवळ उभे होते. इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांनीच ते त्याच्या हातून घेऊन, पान उघडून माझ्यापुढे धरलं. मी सुवाच्य मराठीत लिहिलं: प्रौढ दोन, मुलं दोन, नोकर एक. रकानाच तसा छापलेला होता आणि मला रकाने रिकामे ठेवायची सवय नव्हती. शाई वाळेपर्यंत मामूंनी रजिस्टर तसंच धरून ठेवलं. मग मिटून व्यवस्थापकाला दिलं आणि आपली वळकटी उचलून स्वयंपाकघरामागच्या खोलीकडे गेले. त्यांना मराठी वाचता येतं हे मला ठाऊक होतं. त्या क्षणी ते मला आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दारावर टकटक झाली. दारात मामू. परक्या स्वयंपाकघरातला ट्रे, त्यावर त्यांचा स्वतःचा रुमाल. अंगात शेरवानी नव्हती, जुना सदरा होता.

तुमची आत्या तेव्हा पाच वर्षांची. ती गादीवर उठून बसली. "मामू, तुम्ही तर पाहुणे आहात ना? मग चहा तुम्ही का आणला?"

"पाव्हणा बंगल्यात झोपतो, बेबी," मामू तिला समजावत म्हणाले. "मी मागं झोपलो."

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. पाहुणे आणि चाकर कसे ओळखावे, एवढंच ते पोरीला शिकवत होते. मी कप तसाच ट्रेवर परत ठेवला.

"सामान बांधा," मी तुमच्या आजोबांना म्हणाले.

"काल तर सोडलं! आणि तेहतीस गुणांचं काय?"

"बेरीज चुकली माझी."

दुपारपर्यंत आम्ही गल्लीतल्या बाईंकडे होतो. एका ओळीत तीन खोल्या, मधली मामूंची. त्यांनी दारामागे पाहिलं आणि मान डोलावली. बाईंचं रजिस्टर म्हणजे शाळेची वही होती, त्यात छापील रकाने नव्हते. या वेळी ती मी धरली. मामूंनी पेन टेकवत टेकवत, बाराखडीच्या अक्षरात आपलं पूर्ण नाव लिहिलं. खाली गाव: पैठण. नंतर थोडं थांबून, कुणी न विचारता, "पाव्हणा."

संध्याकाळी मी त्यांच्या दारावर टकटक केली. "मामू, चहा किती वाजता आणू?"

ते उठून उभेच राहिले.  "सहा..." म्हणाले. मग, "नाय नाय. सहाला तर चाकरमाने उठतात. सात! सातला आणा."

पहाटे पाचला मी पाणी प्यायला उठले, तर मधल्या खोलीची खिडकी उघडी होती, आत दिवा जळत होता. मामू पलंगावर ताठ बसले होते. शेरवानी, टोपी, हात गुडघ्यांवर. नजर दाराकडे. मी पाय न वाजवता मागे फिरले. चहा लवकर नेला असता तर पाहुणा म्हणून वाट पाहण्याचे त्यांचे दोन तास बुडाले असते.

बाईंच्या चुलीवर चहा मी स्वतः केला. बरोबर सातला टकटक केली.  आतून खोल, खर्जातला आवाज आला:

"आने दो!"

पहिला घोट घेऊन त्यांनी डोळे मिटले. मग उघडले. "बाईसाब, पत्ती लई कमी पडली." आणि आम्ही दोघं इतकं हसलो की शेजारच्या खोलीतून आजोबा बाहेर आले.

पुढची चार वर्षं मामू होते. गेल्यावर मी पैठणला त्यांच्या घरी गेले, तेव्हा सून सांगत होती, शेवटच्या आजारात त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. "पन पहाटंच उठून बसायचे, बाई. चहा दिला की ढकलून द्यायचे. म्हनायचे, सात वाजले का? वाजू दे आधी."

तर पोरांनो, तुमचे फोटो पाहिले. तिन्हींत समुद्र सुरेख आहे. तो कुठे पळून जात नाही. तिन्ही ठिकाणी फोन करा आणि विचारा, खोली झाडणारी माणसं झोपतात कुठे. जिथे लगेच आणि न अडखळता सांगतील, ती जागा घ्या. पोचलात की दारामागे बघा. आणि सकाळी जो चहा आणेल, त्याला त्याचं नाव विचारा.