स्टिअरिंगवर काकू

कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोच्या आमच्या ग्रुपमध्ये कुणी "अलास्कात काय काय पाहिलंत?" असं विचारलं, की मी अल्बम काढते. चौथ्या हिमनदीला लोक जांभया द्यायला लागतात. मग अल्बम मिटायचा आणि किस्से सुरू करायचे! आरव्हीत कपाटं एवढीएवढीशी, सामान मावत नाही. किस्से मात्र पोत्याने साठले.

आरव्ही म्हणजे ओटा, पलंग, बाथरूम सगळं पोटात घेतलेली तीस फुटी बस. २००५ साली, रिटायर झाल्यावर घेतली. डिलिव्हरीच्या दिवशी आमच्या ह्यांनी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. सेल्समन कौतुकाने बघत होता. "व्हॉट्स दॅट?"

"लेमन!" हे अभिमानाने म्हणाले.

अमेरिकेत लेमन म्हणजे फसवून गळ्यात मारलेली खटारा गाडी, हे आमच्या ध्यानीमनी नाही. बिचारा पांढराफटक पडला. "सर, आय स्वेअर, इट्स नॉट अ लेमन!"

"इट इज, इट इज!" म्हणत हे लिंबू उचलून त्याच्या नाकासमोर धरतायत!

* * *

अलास्काला निघायला महिना राहिला आणि ह्यांच्या डाव्या डोळ्याने दगा दिला. डॉक्टरांनी ड्रायव्हिंग बंद केलं. लगेच टेक्सासमधल्या प्लेनोहून निखिलचा, आमच्या मुलाचा, फोन. "सेल इट, आई. तुम्ही दोघं इकडेच या राहायला."

"विकायची कशाला? मी चालवीन."

"यू? तू ग्रोसरीच्या पलीकडे कधी ड्राइव्ह केलं नाहीस! प्रॅक्टिस कुठेय तुला?"

माझं डोकंच फिरलं. "तुला जन्म दिला तेव्हा कुठे होती रे प्रॅक्टिस?"

पण तोही माझाच मुलगा. "फाइन. मी तिकडे येऊन बघणार. अनसेफ वाटलं तर चावी माझ्याकडे, आणि तुम्ही प्लेनोला."

कबूल केलं खरं. प्लेनोचं घर मोठं, सून गुणी. पण दिवसभर सोफ्यावर बसून कुणीतरी ऑफिसातून यायची वाट बघायची? मला नको होतं ते. अजिबात नको होतं.

* * *

अलास्काला जाताना मध्ये कॅनडा लागतो. बॉर्डरवर ऑफिसरने विचारलं, "एनी वेपन्स?" अस्वलांच्या मुलखात जाणारे लोक बंदुका नेतात, म्हणून विचारतात. आमचे हे सत्यवचनी! "नो गन. ओन्ली विळी."

झालं! आरव्ही बाजूला. ऑफिसरने हातमोजे घालून विळी बाहेर काढली, पातं उघडून बघितलं. "मॅम, हे हातात कसं धरतात?"

"हातात नाही धरत. त्यावर बसतात," मी म्हटलं आणि तिथेच रस्त्याकडेला बसून दाखवलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "अँड द अदर पर्सन?"

"नो अदर पर्सन. ओन्ली काकडी!"

* * *

ह्यांची संकष्टी. चंद्र बघितल्याशिवाय जेवण नाही. आणि अलास्कातला उन्हाळा! रात्रीचे आठ वाजले तरी ऊन डोळ्यांवर. चंद्र कुठला उगवतोय? हे भुकेने कासावीस. शेवटी मीच तोडगा काढला. टेक्सासचं घड्याळ तीन तास पुढे. निखिलला फोन लावला.

"निखिल, जरा अंगणात जाऊन बघ, चंद्र दिसतोय का?"

"आई! आर यू लॉस्ट? चंद्र बघून ड्राइव्ह करतेयस तू?"

"मूर्खा, बाबा उपाशी आहेत!"

त्याला कळलं काहीच नाही, पण गेला बिचारा बाहेर. "येस, इट्स देअर."

हे ऐकताच ह्यांनी टेक्सासच्या दिशेने हात जोडले आणि वरणभाताचा पहिला घास घेतला.

* * *

आणि मग निखिल खरंच आला. अँकरेजला विमानातून उतरला, माझ्या शेजारी बसला आणि होमर गावापर्यंत प्रत्येक वळणावर नसलेला ब्रेक दाबत राहिला. होमरला समुद्रात घुसलेली जमिनीची चिंचोळी पट्टी आहे, दोन्हीकडे पाणी. तिथेच आमचं कॅम्पग्राउंड. जागा अरुंद, रिव्हर्स घ्यायचा.

"नो वे, आई. मी पार्क करतो. चावी दे."

दिली. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता, पण शब्द दिला होता ना!

हे खाली उतरून मागे उभे राहिले, एका डोळ्याने अंदाज घेत. "येऊ दे... येऊ दे... येऊ दे..." गाडी छान मागे येत होती. तेवढ्यात ह्यांना लाकडी खांब दिसला. हे जिवाच्या आकांताने ओरडले, "राहू दे! राहू दे! राहू दे!"

निखिलने आणखी जोरात घेतली. धाडकन!

खिडकीतून डोकं काढून तो किंचाळला, "बट बाबा, यू सेड 'दे'!"

शेजारच्या आरव्हीतल्या आजीबाई खुर्ची टाकून कॉफी पीत सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "हनी, व्हाय डोन्ट यू लेट युअर मदर ड्राइव्ह?"

निखिल उतरला. गाडीला वळसा घालून पलीकडच्या सीटवर बसला, बेल्ट लावला. मी गाडी पुढे घेतली, आरसे बघितले आणि एका दमात मागे नेऊन लावली. इंजिन बंद केलं, चावी काढून माझ्या पर्समध्ये टाकली.

तो समोर समुद्राकडे बघत होता. तसाच बघत म्हणाला, तेही मराठीत,

"आई, उद्या किती वाजता निघायचं?"