दिवेवाले भाऊ आनि माझी बादली

आमच्या भाऊंना मानसाच्या तोंडापेक्षा बलबाचा जास्त भरोसा. लोनावळ्याला ते विजेचे फिटर व्हते अन् मी त्यांच्या हाताखाली बिगारी. तीन पोरांचा बाप, डोक्यात भुसा. भाऊंच्या पिशवीत दोन वायरी लावलेला एक बलब कायम. जेवायला बसले तरी पिशवी मांडीवर. म्हनून सगळे त्यांना दिवेवाले भाऊ म्हनायचे.

ट्रान्सफार्मरपाशी गेलं की एक वायर विजेला लावायचे, दुसरी जमिनीत पुरलेल्या तारेला. बलब लख्ख पेटला की खूश. मंद पेटला की त्यांचं तोंड बी मंद.

मी एकदा इचारलं, "भाऊ, ह्यात बघता काय?"

"आरं, वीज चुकून ट्रान्सफार्मरच्या लोखंडी पेटीत शिरली, तर तिला जमिनीतनं माघारी जायला रस्ता पायजे. रस्ता मोकळा असला की ती धावत सुटती, फ्यूज उडतो, मानूस वाचतो. रस्ता अडला की पेटीतच बसून ऱ्हाती. मंग तुझ्यासारखा येतो टेकायला."

मला येवढंच कळलं, पेटीला टेकून बिडी वढायची न्हाई.

उन्हाळ्यात जमीन सुकली की रस्ता अडायचा. म्हनून त्या तारेच्या खड्ड्यात भाऊंनी मीठ-कोळसा भरला अन् रोज दोन बादल्या पानी घालायचं काम मला दिलं. विहीर पार उताराला. बादली निघायची भरून, पर निम्मी माझ्या टाळूवर, पाव पोटात, उरलेली चढावर. मी म्हनलं, रिकामी बादली वर न्यायची कशाला? चार दिस जांभळीखाली झोपलो.

पाचव्या दिवशी भाऊंनी बलब लावला. पिवळाफटक, आजारी.

"पानी घातलंस?"

"व्हय भाऊ! दोन बादल्या. गळ्याशपथ."

भाऊंनी बलबाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मंग बलबाला म्हनले, "म्हंजे तूच लबाड." अन् बाही वर सारली. "तुझ्या शब्दावर लावतो बघ पेटीला हात."

हात वीतभर ऱ्हायला अन् मी बोंबललो, "न्हाई घातलं! भाऊ, चार दिस न्हाई घातलं!" बोंबलताना पाय घसरला अन् त्या कोरड्या कोळशात फतकल मारून बसलो.

"बस तितंच," भाऊ म्हनले, "तुझ्या घामानं तरी वलं व्हईल."

वर सायबाला सांगितलं असतं तर माझं काम गेलं असतं. भाऊ कुनाला बोलले न्हाईत. पर दुसऱ्या दिवसापासनं सकाळी नुसता हात पुढं करायचे, "लावू का?" की मी बादली घेऊन पळत सुटायचो.

म्हातारपनी ते सुदुंबऱ्याला, आपल्या गावी निघाले. मी ठेसनावर गेलतो. खिडकीतनं भाऊंनी हात बाहेर काढला. मी धरायला गेलो, तर म्हनले, "आज पानी घातलंस?"

जिभेवर 'व्हय' आलं व्हतं. पर हात त्यांचा व्हता.

"आलोच भाऊ," म्हनलं अन् पळालो.

धापा टाकत परत आलो, रिकामी बादली हातातच. गाडी गेलती. खड्डा मातर वला व्हता.