शेगडीमागचा पाइप

डेल्मर क्विस्टच्या टोपीत कायम एक राखाडी पीस खोचलेलं असे. रानहंसाचं. नव्या माणसाला वाटायचं, शिकारीची हौस असणार. पण डेल्मरनं जन्मात बंदूक धरली ती फोमचीच. पीस हे त्याचं कामाचं हत्यार. कुणाच्या घरी गेला की दाराच्या चौकटीला, खिडकीच्या कोपऱ्याला, छताच्या वाशांना ते लावत फिरायचा. जिथं पीस थरथरलं तिथून वारा आत येतोय, म्हणजे तिथं फोम. मग बाहेर उभ्या ट्रकमधल्या दोन पिंपांतून दोन पातळ द्रव गरम नळीतून यायचे, बंदुकीच्या तोंडाशी एकमेकांत मिसळायचे, आणि भिंतीवर पडल्या पडल्या फेस टम्म फुगून खडखडीत व्हायचा. आमच्या गावात हिवाळ्यात पारा उणे तिसाच्या खाली जातो. अशा गावात या माणसाला केवढा मान असेल ते सांगायला नको. "घर कसं थर्माससारखं पाहिजे," असं तो सगळ्यांना ऐकवायचा, आणि त्यानं काम केलेल्या घरात शिरलं की पटायचंही.

त्याची बायको व्हर्ना माझी शेजारीण. पुढचं बरंचसं तिच्याकडून आणि थोडं खुद्द ऑर्डिसबाईंकडून कळलेलं.

ऑर्डिस लुंड म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत आम्हा सगळ्यांच्या मुलांना, आणि त्याआधी डेल्मरला, शिकवलेल्या बाई. डेल्मरची साठी जवळ आली, तरी त्याच्या तोंडी त्या 'मिसेस लुंड'च. त्यांचा नवरा आयव्हर यानं वरच्या वळणावर ओंडक्यांचं घर स्वतःच्या हातानं बांधलं होतं. तो गेल्यावर बाई तिथं एकट्याच राहत. मुलगी जोलीन खाली शहरात. तिचं कधीपासूनचं टुमणं, आई, आता तिथलं बस झालं. बाईंचं उत्तर ठरलेलं असे. आयव्हर मला या घरात घेऊन आला, त्याच्याच रस्त्यानं मी बाहेर पडणार.

घर मात्र चहूकडून वाऱ्याला मोकळं. ओंडक्यांच्या फटींतून हिवाळा सरळ आत. गेल्या वर्षीच्या शरदात डेल्मरच्या मनात आलं, हंगाम संपायच्या आत बाईंच्या घराला फोम मारून टाकू. मोबदल्याचं नाव काढायचं नाही, असं त्यानं आधीच बजावलं. फोमच्या वाफा अंगाला वाईट, म्हणून बाई एका रात्रीपुरत्या जोलीनकडे गेल्या, आणि डेल्मर पोटमाळ्यापासून जमिनीखालच्या पोकळीपर्यंत घर लिंपत सुटला.

संध्याकाळ होत आली तेव्हा तो स्वयंपाकघरातल्या लाकडं जाळायच्या लोखंडी शेगडीमागं पोचला. तिथं जमिनीलगत ओंडक्यात एक पाइपचा तुकडा बसवलेला होता, मनगटाएवढा, बाहेरच्या तोंडाला जाळी ठोकलेला. डेल्मरनं पीस धरलं तर ते आडवंच झालं, एवढा वारा. आयव्हर उगीच काही करणारा माणूस नव्हता, हे डेल्मरच्या मनात आलं होतं. शेगडीला जळायला हवा लागते, घट्ट बांधलेल्या घरात ती बाहेरून आणून द्यावी लागते, हेही त्याला चांगलं ठाऊक होतं. दुसऱ्यांच्या घरी तो स्वतःच असे पाइप बसवून देत असे. पण नळी गार पडत चालली होती, पिंपात थोडाच माल उरला होता, आणि आपल्या बाईंच्या घरात एवढा वारा शिरतोय हेच त्याला सोसेना. त्यानं बंदुकीचा घोडा दाबला. पाइप भरून फोम बाहेर आला, तो सुरीनं तासून सपाट केला.

बाई परत आल्या तर घर उबदार. त्यांनी कौतुक केलं आणि सवयीप्रमाणे शेगडी पेटवून स्वयंपाकघराची खिडकी बोटभर उघडली. ही आयव्हरनं लावलेली सवय. डेल्मर हसला.

"मिसेस लुंड, आता काय आख्खा डोंगर तापवणार आहात?"

बाई लाजल्या आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. ती परत उघडली नाही.

थंडी सुरू झाली तेव्हा बाई सगळ्यांना सांगत होत्या, यंदा एका स्वेटरवर भागतंय. डेल्मरकडे त्यांनी लेफ्से पाठवल्या, म्हणजे त्यांच्या नॉर्वेच्या बटाट्याच्या पातळ पोळ्या. पण नाताळ झाला आणि त्यांचं काहीतरी बिनसलं. सकाळी डोकं ठणकायचं, मळमळायचं. शेगडीवर किटली ठेवून विसरायच्या. फोनवर बोलता बोलता कुणाशी बोलतोय तेच त्यांना उमजेना. जोलीननं एकदा आठवडाभर आपल्याकडे नेलं तर तिथं खडखडीत बऱ्या. जोलीनला वाटलं, माझ्यासमोर नाटक करते, एकटी पडली की खरं रूप.

एका रविवारी चर्च सुटल्यावर तळघरात कॉफी चालली होती. डेल्मर, व्हर्ना, मी, एकाच टेबलाशी होतो. जोलीन येऊन बसली आणि डोळे पुसत सांगू लागली, की आता फार झालं. परवा आईकडे गेले, तर विषारी वायू साठला की वाजते ती घंटा छतावरून गायब. शोधशोध शोधली, तर टॉवेलात गुंडाळून पिठाच्या डब्यात. विचारलं तर म्हणते, सारखी ओरडायची म्हणून तिला झोपवलं.

कुणीतरी हसलं. डेल्मरचा कप तोंडापर्यंत गेलेला तिथंच थांबला. मी समोरच होते, माझ्या लक्षात आलं, पण अर्थ लागला नाही. ती घंटा मेंदू बिघडलेल्या म्हातारीला त्रास द्यायला ओरडत नव्हती, घरात वायू साठत होता म्हणून ओरडत होती, हे त्या टेबलावर एकट्या डेल्मरला कळलं होतं.

"वय झालं की होतं असं," तो म्हणाला.

हे वाक्य त्यानं का उच्चारलं, ते त्याला आजही सांगता येत नाही. व्हर्नाला त्यानं इतकंच सांगितलं, की तोंडातून निघालं, आणि निघाल्यावर बरं वाटलं. जोलीननं त्याचा हात धरला. खालच्या शहरात वृद्धाश्रमात जागा मिळाली होती. सामान न्यायला तुझा ट्रक आणशील का, तिनं विचारलं. डेल्मर हो म्हणाला.

त्यानंतर घरात त्याचं जेवणाकडे लक्ष नसे. व्हर्नाला वाटलं, बाई जाणार म्हणून वाईट वाटतंय. तो ट्रक घेऊन वरच्या वळणापर्यंत जायचा, धुराड्यातून निघणारा धूर बघायचा आणि परत फिरायचा. एकदा बाईंनी काचेतून हात हलवला. त्यानंही हलवला, आणि गाडी वळवली. मनात हिशेब असा, की हे खरं ठरलं तर गावातल्या आणखी किती घरांत लोक आपल्याला विचारतील? आणि खरं नसेलही. वय तर झालंच आहे.

शेवटी त्यानं अर्धंमुर्धं काहीतरी केलं. फोन करून म्हणाला, मिसेस लुंड, दुपारी जरा खिडकी उघडत जा, मोकळी हवा चांगली असते.

"तूच म्हणालास ना डोंगर तापवू नका म्हणून?" बाई फणकारल्या. "आता तूही जोलीनला सामील झालास? मला वेडी ठरवायचं दोघांनी मिळून ठरवलंय का रे?"

तो काहीबाही बोलला आणि त्यानं फोन ठेवला. घंटेचा विषय काढलाच नाही. मला सगळ्यात जास्त राग येतो तो या फोनचा. तोंड उघडून पुन्हा मिटण्यापेक्षा मुळात न उघडलेलं परवडलं.

सामान हलवायच्या दिवशी डेल्मर जोलीनच्या आधी पोचला. शेगडी धडधडत होती. बाई स्वयंपाकघरात कोट घालून, पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या, बसची वाट बघत बसावं तशा. चेहरा लालसर, कपाळ दाबून धरलेलं.

"कोण, आयव्हर?" त्यांनी विचारलं.

"मी डेल, मिसेस लुंड."

"हं. डेल. आयव्हर आला नाही का?"

डेल्मरनं टोपीतलं पीस काढलं. कोपऱ्यात गॅसचा पाण्याचा बंब होता, त्याच्या डोक्यावर धूर वर नेणारं नळकांडं. नळकांड्याच्या तोंडाशी पीस आत ओढलं जायला हवं. ते खोलीकडे उडत होतं. शेगडीला हवा मिळेना, म्हणून ती बंबाचं नळकांडं उलटं ओढत होती, आणि जो वायू धुराड्यानं जायचा तो बाईंच्या श्वासात जात होता.

त्यानं बंब बंद केला, दार सताड उघडलं आणि बाईंना उचलूनच बाहेर ट्रकमध्ये नेऊन बसवलं. ब्लँकेट गुंडाळत होता तेवढ्यात जोलीनची गाडी आली.

"काय झालं? पडली का?"

"त्यांना दवाखान्यात ने. रक्त तपासायला सांग, वायूसाठी. त्या वेड्या झालेल्या नाहीत, जोलीन. आयव्हरचा शेगडीचा पाइप मी बुजवला."

जोलीन आधी आईकडे, मग उघड्या दाराकडे बघत राहिली. शाळेपासूनची ओळख, त्यामुळे ती ओरडली नाही.

"तुला हे आत्ता कळलं?"

डेल्मरला हो म्हणता आलं असतं. व्हर्ना म्हणते, त्या क्षणी त्यानं हो म्हटलं असतं तर मी त्याच्याबरोबर राहिले नसते. पण हे ती चिडली की म्हणते.

"नाही. तू पिठाच्या डब्याचं सांगितलंस तेव्हा."

"आणि तू म्हणालास वय झालं."

"हो."

"आणि ट्रक आणतो म्हणालास."

"हो."

तिनं आईला आपल्या गाडीत घेतलं आणि दार लावलं. डेल्मर आत गेला, शेगडी विझू दिली आणि सुरीनं तो पाइप कोरत बसला. फोम कडक, सहज निघत नाही. तो निघाला आणि जाळीतून बाहेरचा बर्फ दिसला, तेव्हा त्याची बोटं सोलवटलेली होती.

रक्तात वायू सापडला. बाई दवाखान्यातून थोडे दिवस जोलीनकडे गेल्या, आणि नवा बंब, नवी घंटा बसल्यावर परत आपल्या घरी आल्या. वृद्धाश्रमाची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. जोलीननं झालेलं सगळं गावात सांगितलं, आणि सांगायलाच हवं होतं. डेल्मर स्वतः दारोदार जाऊन, टोपी हातात घेऊन, तुमची शेगडी बघू का म्हणून विचारत होता. काहींनी आत घेतलं, काहींनी दारातूनच घालवलं.

बाईंनी त्याला एकच टोमणा मारला. "आख्ख्या घराला फटी, आणि बुजवायला तुला आयव्हरचाच पाइप सापडला?" त्यानंतर विषय काढला नाही. त्यांच्या लेखी तो मिटला. डेल्मरच्या लेखी मात्र मिटायचा कसा? बाई बऱ्या झाल्या, पण पूर्वीसारख्या नाहीत. एखादं नाव हरवतं, बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर राहतं. डॉक्टर म्हणतात, वायूमुळे असेल, वयामुळेही असेल, वेगळं काढता येत नाही.

यंदाच्या नाताळाआधी लेफ्से करायला मी आणि व्हर्ना त्यांच्याकडे गेलो होतो. डेल्मर लाकडं आत आणून ठेवत होता. बाईंनी पोळी लाटली, तव्यावर टाकली, आणि ती उलटायची चपटी काठी हातात घेऊन थांबल्या. "व्हर्ना, मी या... या..." काठीकडे बघत राहिल्या. शब्द येईना. पोळीला डाग पडू लागले. व्हर्ना सांगायला निघाली होती, मी तिचा हात दाबला. डेल्मर लाकडं छातीशी धरून दारातच उभा.

"जाऊ दे," बाई म्हणाल्या आणि काठीनं झपकन पोळी उलटली. मग मान वर न करता, "डेल, तू असा माझ्या तोंडाकडे बघत राहिलास तर मला माझं नावसुद्धा आठवायचं नाही. ठेव ती लाकडं."

त्यानं लाकडं ठेवली. मग शेगडीमागं गुडघे टेकून बसला आणि टोपीतलं पीस काढून पाइपच्या तोंडाशी धरलं. आला की दर वेळी धरतो. पीस आडवं झालं. तरी तो बराच वेळ तसाच बसला होता.