प्रवाळातला खोटा गारवा

अकोल्याच्या जुन्या शहरात नत्थुजी मेहरे भाजी विकतात. त्यांची मुलगी गीतांजली अमरावतीला भूगर्भशास्त्र शिकली आणि संशोधनासाठी समुद्रकाठच्या एका संस्थेत गेली. तोवर तिनं समुद्र पाहिलाही नव्हता.

तिथं तिच्या वाट्याला लक्षद्वीपच्या समुद्रातल्या प्रवाळात यंत्रानं भोक पाडून काढलेला लांब दांडा आला. प्रवाळ थराथरानं वाढतो आणि वाढताना पाण्यातलं स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य आपल्या सांगाड्यात घेतो. पाणी थंड असलं तर जास्त, उबदार असलं तर कमी. ते मोजलं की पूर्वी समुद्र किती तापत होता हे कळतं. गीतांजली बारीक ड्रिलनं एकेक थर खरवडायची आणि भुकटी तपासायला द्यायची. मान आखडायची, डोळे चुरचुरायचे. वर्षं गेली त्यात.

पण निकाल देखणा आला. पणजोबांच्या काळातला समुद्र आजच्यापेक्षा बराच थंड निघाला. तिचे मार्गदर्शक सर खूश झाले. तिनं परिषदेत आलेख दाखवला, तेव्हा एका वयस्क बाईंनी विचारलं, दांड्याचा खालचा, जुना भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला का? तिनं फक्त वरचा पाहिला होता.

परत येऊन तिनं खालचा पाहिला. छिद्राछिद्रांत सुयांसारखे नवे स्फटिक होते. प्रवाळ वर वाढत गेल्यावर खालच्या रिकाम्या जागेत समुद्राच्या पाण्यातूनच ते मागाहून तयार झाले होते, आणि त्यांत स्ट्रॉन्शियम जास्त होतं. तो गारवा समुद्राचा नव्हताच.

सर म्हणाले, शेवटी या स्फटिकांबद्दल एक वाक्य टाका आणि प्रबंध देऊन टाका. तिला ते जमेना. नवा दांडा काढायला परवानगी मिळेना. वैतागून ती अकोल्याला आली आणि घरात कुणाशी धड बोलेना. एकदा जेवताना नत्थुजींनी विचारलंच, तेव्हा तिनं खराब निघालेल्या जुन्या भागाचं सांगितलं. ते म्हणाले,

"जेवढं चांगलं हाय तेवढं दे न त्यायले."

"बाबा, चांगलं हाय ते अलीकडचं हाय. ते तर उपग्रहानंबी मोजलं हाय. मले जुनंच पाहिजे होतं."

"मंग दुसरा दांडा आण."

"तो का बाजारात भेटते?" म्हणत ती ताटावरून उठली. बापानं चुकीचं काहीच सांगितलं नव्हतं, म्हणून तिला अधिकच राग आला.

तिनं पुन्हा परवानगी मागितली. पुन्हा नकार आला. अखेर तिनं जुना भाग गाळला. प्रबंध एवढासा झाला. परीक्षकांनी विचारलं, यात नवीन काय? तिनं सुयांची छायाचित्रं पुढे ठेवली. पदवी मिळाली, कौतुक कुणी केलं नाही.

आता ती अमरावतीत एका कॉलेजात शिकवते. गेल्या वर्षी एका लेखात तिला परिषदेतला आपलाच जुना आलेख दिसला, त्या खोट्या गारव्यासकट. तिनं लेखकांना कळवलं. उत्तर आलं नाही. लेख तसाच आहे, आणि आता दुसरेही त्याचा आधार घेऊ लागलेत. ती प्रत्येकाला स्वतंत्रपणे ती चूक कळवत बसते.