वास ताडीचा की दारूचा

साल एकतीस असावं. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. थोरल्या जाऊबाई आणि मी दिघीहून आगरदांड्याला होडीने निघालो होतो. खाडीच्या मध्यावर एका शिडाच्या मचव्याची धडक बसली आणि आमची होडी कलंडली. तो मचवा हाकणाऱ्या तांडेलानेच उडी टाकून मला पाण्याबाहेर काढलं. जाऊबाईंचा देह सापडला तो दुसऱ्या दिवशी.

तिसऱ्या दिवशी फौजदार घरी आले. माणूस वाईट नव्हता. मी दाराआड उभी राहून बोलत होते. त्यांनी विचारलं, "तांडेलाच्या तोंडाला वास कसला येत होता? ताडीचा की दारूचा?"

वास येत होता का, हे त्यांनी विचारलंच नाही. रडून रडून माझं डोकं बधिर झालं होतं. दोन्हीतलं एक सांगायचं, एवढंच कळलं. "ताडीचा असेल," मी म्हटलं. त्यांनी 'असेल' लिहिलं नाही.

आठवड्याने तांडेलाची बायको परसदारी आली. "बाय, पाच वक्ताचा नमाजी मानूस त्यो. ताडीला कधी शिवला न्हाय. कोर्टात खरं काय ता सांग."

"सांगेन," मी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं.

सुनावणीपर्यंत मी ती घटका पुन्हा पुन्हा आठवत राहिले. खारं पाणी, माझ्या काखेतला त्याचा हात, कानाशी त्याची धाप. आणि दर वेळी त्या श्वासाला ताडीचा आंबूस वास येई. भिंतीवर डोकं आपटलं तरी तो जाईना.

कोर्टात वकिलांनी विचारलं, "तुम्ही फौजदारांना खोटं सांगितलंत का?"

"खोटं नाही," मी म्हटलं.

तांडेलाला दोन वर्षांची सजा झाली. मी नवऱ्याच्या पाया पडून जबाब मागे घेण्याचा अर्ज लिहवून घेतला. जबाब आता बदलता येत नाही, असं उत्तर आलं. तांडेलाची बायको पोरांना घेऊन म्हसळ्याला माहेरी गेली.

सुटून आल्यावर त्याला कुणी मचव्यावर घेईना. मी म्हसळ्याला जाऊन त्याच्यापुढे हात जोडले. तो उंबऱ्यावर बसला होता. तो म्हणाला, "बाय, तुला काय आठवतं?"

असं मला कुणी विचारलंच नव्हतं. मी आठवून पाहिलं, पण त्या आठवणीत माझं स्वतःचं असं काही उरलंच नव्हतं.

"मला ठाऊक नाही," मी म्हटलं.

तो उठून आत गेला. त्याच्या बायकोने दार लावून घेतलं.