आत्याने नोकरीची केलेली चौकशी

‘मानवी तस्करी: एक जागतिक समस्या’ या विषयावर कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला होता. भाषणात मी काळ्या काचांची गाडी आणली होती आणि तोंडाला रुमाल बांधलेले चार गुंड. परीक्षक बाई रडल्या होत्या.

पुढच्याच वर्षी मला थायलंडमध्ये नोकरी लागली. म्हणजे कंपनीच्या एका साहेबांनी फोनवर लावली. राहणं, खाणं, विमानाचं तिकीट सगळं कंपनीचं. माझी मैत्रीण त्याच साहेबांमार्फत आधीच तिकडे गेलेली, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. मी अख्ख्या सोलापूरला पेढे वाटायच्या बेतात होते.

आडवी आली माळशिरसची आत्या. आमच्याकडे लग्न ठरवताना स्थळाची चौकशी तीच करते, आणि पोरगी परक्या मुलखात पाठवायची म्हणजे तिच्या लेखी ते लग्नच. साहेबांचा व्हिडिओ कॉल आला तसा तिने पदर सावरला आणि फोन हिसकावला.

"गाव कुटलं म्हनायचं तुमचं?"

"मॅडम, आमची कंपनी इंटरनॅशनल आहे."

"आसू द्या की. मामाचं गाव कुटलं?"

साहेबांनी टाय सारखा केला.

"बरं, तितं कामाला असलेल्या चार पोरींच्या आयांचे नंबर द्या. आन् पासपोर्ट कुनाकडं ऱ्हानार?"

"सेफ्टीसाठी कंपनीकडे."

"म्हंजे पोरीला म्हायेरी यायचं झालं तर तुमाला इचारायचं व्हय?"

साहेबांनी फोन कापला. नंतर नंबरच बंद.

मी दोन दिवस जेवले नाही. आत्याला नाही नाही ते बोलले. खेडवळ म्हटलं, माझ्या आयुष्याचं वाटोळं केलंस म्हटलं. ती शेंगा फोडत नुसतं "व्हय, व्हय" करत राहिली. भाषणातली गाडी काही आली नव्हती, मी स्वतःच बॅग भरली होती. पण हे कळायची अक्कल तेव्हा कुठे होती!

महिन्याभराने मैत्रिणीचा फोन आला. इथे लई मजा आहे, तूही ये, पगार चांगला आहे. समोर कुणी कागद धरावा तशी एका सुरात बोलत होती. मी मान डोलावत होते. आत्याने फोन घेतला आणि या वेळी एकच विचारलं.

"जेवलीस का गं बाय?"

पलीकडचा तो एकसुरी आवाज तुटला. मग अगदी दबक्या आवाजात, "आत्या, हिला पाठवू नका." फोन बंद झाला.

 आत्या पायात चपला सरकवत होती.

"चल. आदी तिच्या आईकडं, मग पोलिसात."