धानोऱ्याचा रिकामा वार

धानोऱ्याचा कॉम्प्युटर उचलून आणायला आम्ही जीपने निघालो, तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. मागे थर्माकोलसकट एक रिकामा खोका, पुढे मुकुंदभाऊ... आणि मला काही सुचत नव्हतं, कारण तो खोका भरला की सुषमाची नोकरी जाणार होती.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी गडचिरोलीत एका आरोग्य संस्थेच्या डेटा टीममध्ये होते. इंटरनेट म्हणजे तेव्हा फोनची तार आणि मोडेमची किरकिर.

गावोगावचे आरोग्यसेवक तापाच्या रुग्णांच्या चिठ्ठ्या तालुक्याला आणून देत. तिथला ऑपरेटर त्या कॉम्प्युटरमध्ये भरी आणि फोनवरून आमच्या सर्व्हरला पाठवी. औषधं आधी कुठल्या गावाला न्यायची, ते त्यावरून ठरे.

सर्व्हर मुकुंदभाऊंचा. म्हणजे संस्थेचा, पण त्याला हात लावायची आमची टाप नव्हती. माणूस चंद्रपूरच्या उन्हात वाढलेला, आणि ऑफिसातला एकुलता एक एसी नेमका त्यांच्या खोलीत!

"सर्व्हरले गर्मी सहन नाई होत, तुमाले होते," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आम्ही पंख्याखाली घाम पुसत बसायचो.

आमच्या दोन खोल्यांमध्ये एकच भिंत, पण बोलणं व्हायचं ते फक्त काही बिघडलं की. आम्ही म्हणायचो सर्व्हर झोपला, ते म्हणायचे तुमच्या लोकांनी डेटा पाठवलाच नाही. दोघंही आपापल्या जागी अगदी ठाम...

धानोऱ्याचं तर कायमचं रडगाणं होतं. बाकीच्या तालुक्यांचा डेटा वेळेवर, धानोऱ्याचा शिळा. तिथली ऑपरेटर सुषमा फोनवर काकुळतीला यायची, "लाइन लागते जी, पन पुढं काईच होत नाई." दुसऱ्या दिवशी पाठवावं तर कधी लाइट नाही, कधी फोन डेड.

फोनवाले तपासून गेले, तार ठीक होती. मुकुंदभाऊ स्वतः दोनदा जाऊन आले, तर सुषमा रिकामी बसलेली. शेवटी संस्थेच्या साहेबांनी ठरवलं की धानोऱ्याचं केंद्र बंद करायचं आणि चिठ्ठ्या गडचिरोलीतच भरायच्या.

सुषमाच्या घरी धानाचं एकच पीक. बारमाही म्हणावा असा तिचा पगारच होता.

आम्ही निघालो त्या वारी मुकुंदभाऊ खरं तर ऑफिस सोडत नसत. तो त्यांचा बॅकअपचा वार. दुपारी बाहेरचा डेटा घेणं बंद करून ते सगळा सर्व्हर टेपवर उतरवून ठेवत. आठवड्यात ज्या वारी सगळ्यात कमी डेटा येतो, तो वार त्यांनी त्यासाठी निवडला होता. त्या आठवड्यात टेप खराब झाली, नवी नागपूरहून यायची होती, म्हणून ते मोकळे होते.

धानोऱ्यात उतरलो तर बाजार भरलेला. सुकट, पत्रावळ्या, बांगड्या, पाय ठेवायला जागा नाही. आमच्या केंद्रातही तीच गर्दी... टेबलाभोवती आरोग्यसेवक दाटीवाटीने उभे, आणि सुषमा एकाशी गोंडीत तर दुसऱ्याशी मराठीत बोलत भराभर टाइप करतेय.

"हे काय? मी आलो तवा तर इथी कोनीच नवतं!" मुकुंदभाऊ चक्रावले.

"आज बाजार हाय ना भाऊ," सुषमा म्हणाली. "लोकं तेल-मीठ न्याले येतात, तवाच चिठ्ठ्या देतात. नुसत्या चिठ्ठीसाठी एवढ्या जंगलातून कोन येईन?"

मग तिला आमच्या हातातला खोका दिसला. तिने हातातली चिठ्ठी भरून संपवली. मग म्हणाली, "एवढं पाठवून पाहू काय जी? मंग न्या."

मला तिच्याकडे बघवेना. तिने फोन लावला, मोडेम किरकिरला... आणि फाइल सरळ गेली. एका दमात! सुषमा स्वतःच तोंडावर हात ठेवून बघत राहिली.

मुकुंदभाऊ मटकन खाली बसले, ते नेमके खोक्यावर. आतला थर्माकोल कराकरा मोडला.

"आज बॅकअप नाई..." ते स्वतःशीच पुटपुटले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अवो, धानोरा सुरू व्हायच्या आधी हा वार खराच रिकामा होता. मी बॅकअप लावला. आता मी दार लावून घेतो म्हनून इचा डेटा येत नाई, आन् येत नाई म्हनून तो वार मले रिकामाच दिसून राह्यला!"

मला हसू आवरेना. आमच्या खोलीत महिन्याचे रिपोर्ट निघायचे, वार कुणी बघतच नव्हतं. त्यांना वार माहीत होता, बाजार माहीत नव्हता. दोन्ही गोष्टी एकत्र यायला एक टेप खराब व्हावी लागली...

सुषमा मात्र हसली नाही. "ते रावू द्या. कॉम्प्युटर नेता का ठेवता, ते सांगा पयले."

मुकुंदभाऊंनी मोडका खोका उचलून दाखवला. "खोकाच फुटला न बाई, नेऊ कशात?"

साहेबांना त्यांनी स्वतः सगळं सांगितलं. बॅकअपचा वार बदलला, केंद्र राहिलं, सुषमा राहिली. काही दिवसांनी एसीच्या खोलीत सगळ्या तालुक्यांच्या आठवडी बाजारांचं वेळापत्रक लागलं, आणि ते विचारायला मुकुंदभाऊ भिंत ओलांडून आमच्या खोलीत आले होते.

आता मी मोठ्या कंपनीत आहे. सर्व्हर क्लाउडवर गेलेत, पण क्लाउडवाले आणि डेटावाले कॉलवर अजून तसेच भांडतात. परवा कुणीतरी ग्राफ दाखवून म्हणालं, "या वेळी काहीच लोड नसतो, मेंटेनन्स इथेच लावू."

मी माइक चालू केला आणि विचारलं, "लोड नसतो, की आपण दार लावून बसलेलो असतो?"

ग्राफवाला मेंटेनन्सचं जुनं वेळापत्रक शोधू लागला... आणि मला धानोऱ्याच्या बाजाराचा गलबला ऐकू आला. सुषमाबाई, मुकुंदभाऊ, तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते.